लग्न नाही, कोर्टाचा हुकूम नाही. मग मुलाची खावटी कोणावर?

१ जुलै २०२४ रोजी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या टपऱ्यांवर पन्नास वर्षे रुळलेला ‘एकशे पंचवीसची केस’ हा शब्दप्रयोग एका दिवसात जुना झाला. पोटगीचे ते कलम आता १४४ या क्रमांकाने ओळखले जाते. क्रमांक बदलल्यामुळे पूर्वीचा हक्क गेला की काय, अशी शंका अजूनही विचारली जाते. ती निराधार आहे. त्याहून अधिक गोंधळ एका जुन्याच प्रश्नाभोवती आहे: आईवडिलांचे लग्नच झालेले नसेल आणि कोणत्याही न्यायालयाने काही आदेशही दिलेला नसेल, तर मुलाचा खर्च देण्याची सक्ती वडिलांवर असते का? अशा वेळी खान्देशातल्या ओट्यावर साधारण एकच वाक्य ऐकू येते, ‘पोऱ्या त्यानाच शे, पन कागद कोठे शे?’ या वाक्याचे दोन तुकडे आहेत आणि कायदाही त्यांचा वेगवेगळा विचार करतो. पहिला तुकडा जबाबदारीचा आहे, दुसरा वसुलीचा. सगळा घोळ होतो तो हे दोन एकच समजल्यामुळे.

आधी शब्दाचा खुलासा करून घेऊ. उदरनिर्वाहासाठी दरमहा द्यायच्या रकमेला कायद्याच्या मराठीत ‘पोटगी’ किंवा ‘निर्वाह खर्च’ म्हणतात आणि बोलताना सगळे ‘खावटी’ म्हणतात. नंदुरबारकडे मात्र खावटी म्हटले की अनेकांना आधी पावसाळ्यातल्या अडचणीच्या महिन्यांसाठी आदिवासी कुटुंबांना मिळणारी सरकारी मदत आठवते. येथे तिचा संबंध नाही. ‘अनौरस’ हा शब्दही एकदा सांगावा लागेल, कारण कायदा तो अजून वापरतो. विवाहसंबंधातून जन्मलेले मूल औरस आणि विवाहाबाहेर जन्मलेले अनौरस. मुलाने न केलेल्या गोष्टीचे लेबल मुलालाच चिकटवणारा हा शब्द नव्या संहितेतून गेला असता तर बरे झाले असते, पण तो गेलेला नाही.

जबाबदारी जन्माबरोबर येते

शेतजमिनीचे उदाहरण घेऊ. खातेदार वारला की त्याच्या मुलांचा वारसाहक्क त्याच क्षणी निर्माण होतो. त्यानंतर काही महिन्यांनी तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार घेतो आणि सातबाऱ्यावर नावे चढतात. त्या नोंदीने हक्क जन्माला येत नाही, आधीच जन्मलेला हक्क कागदावर दिसू लागतो. परंतु नोंद झाल्याशिवाय सोसायटी पीककर्ज देत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मुलाच्या खावटीचे हेच आहे. बापाची जबाबदारी मूल जन्मल्याबरोबर सुरू होते. न्यायालयाचा आदेश ती निर्माण करत नाही, ती मोजतो आणि वसूल करण्याजोगी करतो. म्हणून ‘हुकूम नाही, तर मी काही देणे लागत नाही’ हे म्हणणे चुकीचे आहे, आणि ‘जबाबदारी आहेच, मग अर्ज कशाला करायचा, देईल तो सावकाश’ हे म्हणणे तितकेच महागात पडणारे आहे.

हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे

कलम १४४ नुसार, पुरेशी साधने असलेली व्यक्ती स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आपल्या औरस किंवा अनौरस मुलाची हेळसांड करत असेल अथवा त्याला पोसण्यास नकार देत असेल, तर दंडाधिकारी तिला दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतो. मुलाच्या हक्कासाठी आईवडिलांच्या लग्नाची अट या कलमात नाही. १९७३ च्या जुन्या संहितेतही ती नव्हती. धर्माची अटही नाही. कोणत्याही धर्माच्या मुलाच्या वतीने हा अर्ज करता येतो. सर्वसाधारणपणे हा हक्क अठरा वर्षांपर्यंत चालतो. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा दुखापतीमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला तो अठरानंतरही मिळतो. विवाहित मुलगी मात्र त्या पुढच्या तरतुदीत येत नाही.

दुसरा आधार हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० चा आहे. तेथे औरस आणि अनौरस अशा दोन्ही मुलांना पोसण्याचे बंधन बाप आणि आई या दोघांवरही स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. मात्र खान्देशात या कायद्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते, कारण मैदानी भागातले जाणकारही ती विसरतात. हा कायदा, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडच्या भिल्ल, पावरा, गावित, कोकणा कुटुंबांना किंवा रावेर-यावलच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी कुटुंबांना कलम २० चा आधार सांगणे निरुपयोगी ठरू शकते. कलम १४४ मात्र त्यांनाही लागू आहे. ज्या समाजात आधी एकत्र राहणे आणि देज (वधूमूल्य), खर्च जमल्यावर पुढे कधी तरी विधी करणे नवे नाही, तेथे लग्नाची अट नसलेले हे कलम इतरांपेक्षा जास्त कामाचे आहे.

बापाचे दुसरीकडे लग्न झालेले असेल आणि या स्त्रीशी त्याने केलेला विवाह त्यामुळे कायद्याने रद्दबातल ठरत असेल, तरी मुलाचा हक्क जात नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात अशा स्त्रीला पत्नी म्हणून खावटी नाकारली गेली, पण मुलाची खावटी मान्य झाली. स्त्रीचा स्वतःचा हक्क हा वेगळा विषय आहे. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दाद मागता येते आणि त्याच अर्जात मुलाच्या खर्चाचीही मागणी करता येते.

मग हुकुमाची गरज काय?

बाप स्वतःहून नीट खर्च देत असेल, तर नाही. कलम १४४ चा पायाच ‘हेळसांड किंवा नकार’ हा आहे. जेथे दोन्ही नाहीत तेथे दंडाधिकाऱ्याने हस्तक्षेप करण्याचे कारण उरत नाही. न्यायालयाची पायरी न चढता मुलाला सांभाळणारे अविवाहित बाप असतात आणि कायदा त्यांना छळत नाही. त्यांच्यासाठी एकच व्यावहारिक सूचना आहे: पैसे रोख देऊ नयेत. बाजाराच्या दिवशी कोणाच्या तरी हाती पाठवलेल्या दोन हजारांचा पुढे काहीही पुरावा राहत नाही, आणि वाद उभा राहिला की खरोखर देणारा आणि कधीच न देणारा हे दोघे एकाच रांगेत उभे राहतात. बँकेतून किंवा फोनवरून पाठवलेली, ‘शाळेची फी’, ‘दवाखाना’ असा उल्लेख असलेली रक्कम दोन्ही बाजूंच्या कामी येते.

देणे थांबले की हुकुमाची गरज भासते, आणि तेव्हा तारीख महत्त्वाची ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात, खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सर्व न्यायालयांना सांगितले. त्याआधी कोठे आदेशाच्या तारखेपासून तर कोठे अर्जाच्या तारखेपासून दिली जात असे. अर्जदारांना याचा मोठा फायदा झाला. पण या कलमाखाली अर्जाच्या तारखेच्या मागे जाता येत नाही. समजा, चोपड्याकडच्या एका स्त्रीने मूल चार वर्षांचे होईपर्यंत वाट पाहिली आणि मग अर्ज केला. न्यायालयाने दरमहा ३,००० रुपये ठरवले. हाच दर आधीपासून मिळाला असता तर अठ्ठेचाळीस महिन्यांचे १,४४,००० रुपये झाले असते. त्या चार वर्षांतही बाप जबाबदार होताच, पण ती रक्कम या अर्जातून मिळणार नाही. कापूस काट्यावर घातला की व्यापारी देणेकरी होतोच. मापाची पावती न घेता घरी आलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

गावात बसून ठरवले, स्टॅम्पवर लिहून घेतले

खान्देशात असे वाद बहुतेक वेळा आधी पंचांसमोर जातात आणि तडजोड ठरलेलीच असते: ‘एकरकमी पन्नास हजार घे, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दे की पुढे काही मागणार नाही.’ सही होते, नोटरीचा शिक्का बसतो आणि सर्वांना वाटते की विषय मिटला.

तो मिटत नाही. खावटीचा हक्क मुलाचा आहे, आईचा नाही. दुसऱ्याच्या नावावरची जमीन जशी आपल्याला विकता येत नाही, तसा मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, आणि कायद्याने दिलेला हा हक्क कायमचा सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून न्यायालय मानत नाही. ते पन्नास हजार रुपये रक्कम ठरवताना विचारात घेतले जाऊ शकतात, एवढेच. ऐकले नाही म्हणून पंचांनी वाळीत टाकले, तर तो महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

याचा अर्थ स्टॅम्पचा कागद फाडून टाकावा असा मुळीच नाही. त्यात बापाने ‘हे मूल माझे आहे’ असे लिहून सही केलेली असेल, तर पुढे पितृत्व सिद्ध करताना त्याच्याइतका उपयोगी कागद क्वचितच सापडेल. बिनसहीचा समझोता न करणे आणि सहीचा समझोता जपून ठेवणे, दोन्ही शहाणपणाचे आहे.

समझोताच करायचा असेल तर त्याहून चांगली जागा आहे. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (खटला दाखल होण्याआधीचा) अर्ज देऊन लोकअदालतीत तडजोड नोंदवता येते. लोकअदालतीच्या निवाड्याला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते. बोलणी तीच, माणसेही बहुधा तीच, पण पैसे थांबल्यावर नोटरीच्या कागदावर आधी दावा लावावा लागतो आणि या निवाड्याची थेट अंमलबजावणी मागता येते.

‘मूल माझे नाहीच’

विवाहित जोडप्याच्या बाबतीत कायदा पितृत्व गृहीत धरतो. विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर आईने दुसरे लग्न केलेले नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल त्या पतीचेच मानले जाते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ११६ तसे सांगते. अविवाहित आईला या गृहीतकाचा आधार नसतो आणि तिची खरी लढाई येथेच असते.

पुरावा म्हणून काय चालते? बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या अर्जावर बाप म्हणून केलेली सही, जन्मदाखला, अंगणवाडी आणि शाळेतील नोंद, एकत्र राहिल्याचे भाडेकरार, शेजाऱ्यांची साक्ष, फोनवरचे संदेश. संदेश मोबाईलमध्ये आहेत एवढ्याने भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्याचा मसुदा वकील तयार करून देतात. फोन बदलताना जुने संदेश पुसू नयेत, हे सांगायला साधे वाटते, पण अनेक प्रकरणे तेथेच लंगडी होतात.

यापुढचा मार्ग डीएनए चाचणीचा. ती मागितली की मिळते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून सांगितले आहे की अशी चाचणी सरसकट द्यायची नाही. आधी प्रथमदर्शनी काही पुरावा हवा. तो असेल आणि न्यायालयाने चाचणीचा आदेश देऊनही पुरुषाने नमुना देण्यास नकार दिला, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांनी रक्ताचा नमुना देण्याचे वर्षानुवर्षे टाळले. अखेर तो घेतला गेला आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात उघडलेल्या अहवालातून ते पिता असल्याचे निष्पन्न झाले. तो खटला खावटीचा नव्हता, पितृत्वाचा होता.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुलाच्या जन्माच्या काळात आईचा दुसऱ्या कोणाशी वैध विवाह चालू असेल, तर वर सांगितलेले गृहीतक तिच्याच विरुद्ध जाते. जानेवारी २०२५ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने, जैविक पिता म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जात होते त्याच्याकडून खावटी मागण्याचा प्रयत्न नाकारला. पती त्या काळात तिच्या संपर्कातच येऊ शकत नव्हता, हे सिद्ध करावे लागते, आणि ते अवघड असते.

‘शेती वडिलांच्या नावावर, माझ्याकडे काय आहे?’

केळीच्या पट्ट्यात हा बचाव इतका ठरलेला आहे की न्यायाधीशांना तो नवा नाही. सातबारा आजोबांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या, मोटारसायकल मेहुण्याच्या, आणि स्वतः मात्र ‘मजुरी करतो’. २०२० च्या त्याच निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आहे. त्यात खोटे लिहिल्यास स्वतंत्र कारवाई होऊ शकते. शिवाय धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना कमवावे आणि आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांना पोसावे, ही न्यायालयांची भूमिका जुनी आहे.

रकमेसाठी ठरलेले सूत्र नाही. मुलाच्या गरजा, बापाची ऐपत आणि आईचे उत्पन्न पाहून ती ठरते. २००१ पूर्वी जुन्या कलमात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती त्या वर्षीच्या दुरुस्तीने गेली. त्याच दुरुस्तीने अंतिम निकालाआधीच अंतरिम खावटी देण्याची सोय झाली आणि तो अर्ज, शक्यतो, नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असे ठरले. मुदत प्रत्यक्षात पाळली जातेच असे नाही, पण ती दाखवून तारीख मागता येते.

आई कमावत असेल तर? ती जिल्हा परिषदेत शिक्षिका असो वा सूतगिरणीत कामाला, त्यामुळे बाप सुटत नाही. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दोघांच्या पगाराच्या प्रमाणात, म्हणजे बापाने दोन वाटे आणि आईने एक, असा मुलांचा खर्च वाटून दिला होता.

पैसे दिले म्हणून मूल मागेल का?

या भीतीने अनेक आया अर्जच करत नाहीत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे अविवाहित मातेच्या मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच असते, बाप तिच्यानंतर. (हा कायदाही अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, तेथे मुलाचे हित पाहून निर्णय होतो.) २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अविवाहित आईला बापाचे नाव उघड न करता पालकत्वाचा अर्ज करण्याची मुभा दिली. बाप भेटीची परवानगी मागू शकतो, ताबाही मागू शकतो, पण त्याचा निर्णय मुलाच्या हितावर होतो. खावटी ही भेटीची फी नव्हे, आणि भेट मिळत नाही म्हणून खावटी थांबवताही येत नाही.

नावाचीही चिंता असते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे किमान आईचे नाव कागदावरून पुसले जाण्याचा प्रकार पुढे राहणार नाही.

आई मूल झाले तेव्हा अठरा वर्षांखालची असेल, तर मात्र प्रश्न केवळ खावटीचा राहत नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली तो गुन्हा ठरतो आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हुकूम झाल्यावरही बाप देत नसेल

दंडाधिकारी वॉरंट काढून रक्कम वसूल करू शकतो आणि तरीही ती भरली नाही तर एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतो. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. येथेही तारखेचाच डाव आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ‘साचू दे, मग एकदम मागू’ हा विचार येथे नुकसानीचा.

अर्ज कोठे करायचा

कौटुंबिक न्यायालय असेल तेथे त्याच्याकडे, नसेल तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे. कोणत्या जिल्ह्यात, हे कलम १४५ सांगते, आणि त्यातली शब्दरचना अविवाहित आईने नीट वाचावी. पत्नी राहते त्या जिल्ह्यात अर्ज चालतो, पण तिला ‘पत्नी’ म्हणता येत नसेल तर ती वाट बंद होते. तिच्यासाठी उघड्या वाटा तीन: बाप सध्या जेथे आहे तो जिल्हा, तो जेथे राहतो तो जिल्हा, आणि तो मुलाच्या आईबरोबर शेवटचा जेथे राहिला तो जिल्हा. बाप ऊसतोडीला किंवा सुरतेच्या कारखान्यात गेलेला असतो, म्हणून ही शेवटची वाट खान्देशात सर्वांत उपयोगी पडते. दोघे शहाद्यात खोली घेऊन राहिले असतील, तर तो गुजरातेत असला तरी अर्ज नंदुरबार जिल्ह्यात चालतो. फक्त एकत्र राहिल्याचा काही तरी पुरावा, घरमालकाची साक्ष किंवा वीजबिल, सोबत लागतो. वकिलाच्या फीची चिंता नको: स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, तालुका कोर्टातल्या समितीत अथवा १५१०० या क्रमांकावर विचारावे, आणि जाताना मुलाचा जन्मदाखला, आईचे आधार कार्ड आणि बापाचा ठाऊक असलेला शेवटचा पत्ता लिहून न्यावा, कारण पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि अंतरिम खावटीच्या ६० दिवसांची मोजणी सुरूच होत नाही.